इसार घेण्याआधी

पत्र: डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. माझे मिस्टर ३६ वर्षांचे आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. दिवस मावळला की त्यांना लहानपणापासूनच कमी दिसायचं, पण गेल्या दोन वर्षांत फार वाढलंय. भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरातली तिथी ते बरोबर वाचतात आणि पायाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या मात्र लाथाडतात. सासूबाईंना वाटायचं, मुद्दाम करतो. डॉक्टरांनी तपासून आरपी सांगितलं, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. नजरेचा घेर १५ अंशांवर आलाय, यावर औषध नाही, वर्षाने दाखवा म्हणाले. मग मिस्टरांच्या मित्राने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. मोठ्या शहरातल्या एका सेंटरमध्ये कमरेच्या हाडातून आपल्याच मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, काढून डोळ्यात सोडतात. प्रत्येक डोळ्याला तीन इंजेक्शनं, दोन्हींचे मिळून साडेचार लाख. फोनवरची मुलगी म्हणाली, तुमच्याच शरीरातल्या पेशी, त्यामुळे साइड इफेक्ट काहीच नाही. आमच्या गावातल्या एका पोराच्या डोळ्यात चुन्याची पुडी फुटली होती, त्याचा डोळा हैदराबादला स्टेम सेलनेच बरा झाला, म्हणून यांचा पक्का विश्वास बसलाय. रस्त्याकडेची बारा गुंठे जमीन विकायचं ठरलंय. गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात इसार द्यायला येणार. मला आतून भीती वाटते, पण काही बोलले की म्हणतात, "माझे डोळे बरे व्हायला नकोत का तुला?" मी यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. सासू-सासरेही नात्यातलेच. आमची मुलगी सात वर्षांची आहे, तिला होईल का? शाळेत अजून कुणाला सांगितलेलं नाही, नोकरी जाईल म्हणून. ते अजून मोटरसायकलनेच शाळेत जातात.
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर: ताई, इसार घेऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, मिस्टरांनाही वाचून दाखवा, पण गिऱ्हाइकाला आजच फोन करून सांगा की आमचं थोडं थांबलंय.

आता मिस्टरांसाठी लिहिते. सर, तुम्ही आशा धरलीत यात चुकीचं काही नाही. मूळ पेशींपासून डोळ्याच्या पडद्याच्या पेशी तयार करता येतात, त्या माणसाच्या डोळ्यात बसवता येतात आणि तिथे वर्षानुवर्षं जगतात, हे आता सिद्ध झालेलं आहे. तुम्ही ज्याची वाट बघताय ते काम जगात खरोखर चालू आहे. पण त्या सेंटरमध्ये तुम्हाला जी सुई टोचणार आहेत, तिचा त्या कामाशी संबंध नाही. हे नुसतं माझ्या शब्दावर मानू नका, जरा खोलात जाऊन सांगते.

तांब्यापासून सुरू करू. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला रेटिना असतो, आपण त्याला पडदा म्हणतो. त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. अंधारात आणि कडेकडेचं बघायला दंडपेशी, एकेका डोळ्यात नऊ ते बारा कोटी. बारीक अक्षर आणि रंग बघायला शंकूपेशी, साधारण साठ लाख, आणि त्यांची दाटी अगदी मध्यभागी. आरपीमध्ये आधी दंडपेशी मरतात. म्हणून पहिल्यांदा रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडा जातात आणि शेवटी नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरतं. कॅलेंडरातली तिथी त्या नळीत बसते, पायाजवळचा तांब्या बसत नाही. सासूबाईंना हे नक्की समजावून सांगा, ताई. इतकी वर्षं तो मुलगा मुद्दाम करतोय असं त्यांना वाटत राहिलं, ते त्यांच्याही मनाला लागेल. आणि कुणी ग्रहणाचा, पत्रिकेचा विषय काढला, तर त्याचा इथे काडीचाही संबंध नाही, हेही सांगा.

दंडपेशींच्या मागे, पडद्याला चिकटून, काळपट पेशींचा एक पदर असतो. डॉक्टर त्याला आरपीई म्हणतात. हा पदर दंडपेशी-शंकूपेशींना पोसतो, त्यांचा कचरा साफ करतो. पिकाखालची माती समजा. म्हातारपणी होणाऱ्या मॅक्युलर डिजनरेशनमध्ये, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाच्या झिजेत, ही माती आधी खराब होते. तुमच्या आजारात बहुतेक वेळा पीकच आधी जळतं. पुढचं सगळं या फरकावर आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

गावातल्या त्या मुलाचं काय झालं ते आता सांगते, कारण सगळा घोटाळा तिथून झालाय. चुन्याने पडदा जळत नाही, समोरची काच जळते, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक थर. त्या काचेच्या कडेला, पांढऱ्या आणि काळ्याच्या शिवेवर, डोळ्याच्या स्वतःच्याच मूळ पेशी असतात आणि त्या काचेवरची कातडी जन्मभर नवी करत राहतात. चुन्याने ही शीवच जळून जाते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत डॉ. वीरेंदर सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली यावर एक सोपी पद्धत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन-एक मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक बारीक कण करायचे आणि बाळाच्या वारेच्या आतल्या पातळ पापुद्र्यावर ते जळलेल्या डोळ्यावर मांडायचे. कण वाढतात आणि काच स्वच्छ होते. हे काम आपल्या देशातलं आहे आणि जगभर वापरलं जातं. तुमच्या गावच्या मुलाला याचाच फायदा झाला, आणि खरंच झाला. पण तिथे जशी गेली तशाच जातीची पेशी, जिथली तिथेच लावली. शिवाय काचेत मज्जातंतूंची तारजोडणी करायची नसते. पडद्यात सगळी अडचण त्या जोडणीचीच आहे. मेलेल्या दंडपेशीच्या जागी नवी पेशी नुसती ठेवून भागत नाही. तिने पुढच्या पेशीशी धागा जोडला पाहिजे, तो संदेश डोळ्याच्या नसेतल्या दहा लाखांवर तंतूंपैकी योग्य त्या तंतूतून मेंदूपर्यंत गेला पाहिजे. काचेच्या टाक्यांमध्ये मिळणारा तो पट्टेवाला झेब्रा मासा हे स्वतःच करू शकतो, त्याचा पडदा फाटला तर आतल्या आधारपेशी पुन्हा नव्या पेशी घडवतात. माणसात ती सोय निसर्गाने ठेवलेली नाही, म्हणून शास्त्रज्ञ मूळ पेशींकडे वळले.

जपानमधल्या कोबे शहरात १२ सप्टेंबर २०१४ रोजी सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंवर शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या कातडीचा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत त्या पेशींना पुन्हा 'कोवळं' केलं होतं. ही युक्ती शिन्या यामानाका यांची. त्यांना २०१२ साली नोबेल मिळालं ते या शोधासाठीच. त्या कोवळ्या पेशींपासून डॉ. मासायो ताकाहाशी यांच्या गटाने आरपीईचा पदर वाढवला. कित्येक महिने खपून हाती आला तो तुकडा किती मोठा, तर १.३ बाय ३ मिलिमीटर. तिळाएवढा. तो पडद्याच्या मागे सरकवला. बाईंची नजर सुधारली नाही, पण आणखी उतरलीही नाही, आणि तुकडा टिकला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशीही तयार झाल्या होत्या. तपासणीत त्यांच्या जनुकांत काही बदल आढळले आणि ताकाहाशींच्या गटाने ती शस्त्रक्रिया थांबवली. सर, मी विद्यार्थ्यांना शिकवताना या थांबण्याबद्दल आवर्जून सांगते. रुग्ण तयार, पेशी तयार, सगळ्या जगाचं लक्ष त्यांच्याकडे, आणि तरी शंका आली म्हणून त्यांनी हात आवरला.

लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयातला अनुभव आणखी आशेचा आहे. तिथे दोन रुग्णांना अशाच पेशींचा पदर बसवला, त्याचा अहवाल २०१८ साली आला. एका रुग्णाला मिनिटाला जेमतेम एक-दोन शब्द वाचता येत होते, तो ऐंशीच्या वर गेला, आणि दुसरा शून्यावरून पन्नाशीच्या जवळ आला. पण हे दोघेही मॅक्युलर डिजनरेशनचे रुग्ण होते, आजार ताजा होता आणि वरचं पीक अजून जिवंत होतं. माती बदलली आणि पीक तगलं. भारतातही बंगळुरूच्या आयस्टेम या कंपनीच्या आरपीई पेशींची चाचणी सुरू झाली आहे, तीही मॅक्युलर डिजनरेशनसाठीच, त्याच्या सुक्या प्रकारासाठी.

तुमच्या आजाराच्या सगळ्यात जवळ जाणारं काम पुन्हा कोबेचंच. २०२० साली तिथल्या डोळ्यांच्या रुग्णालयात आरपीच्या रुग्णांमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या कोवळ्या पडद्याचे तुकडे बसवले. दोन वर्षांनी पाहिलं तर तुकडे जागेवर होते, मोठा अपाय झालेला नव्हता. गेलेली नजर परत आली असं ते डॉक्टरही म्हणत नाहीत. पण त्या तुकड्यांचा जीव टिकला ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. तुम्ही ३६ वर्षांचे आहात. बहुतेकांमध्ये आरपी सावकाश पुढे जातो, अनेकांची मधली नजर पन्नाशी-साठीपर्यंत कामाला येते. या विज्ञानाची वाट बघायला तुमच्या हाती वर्षं आहेत. म्हणूनच आज डोळ्याला धक्का लावून घेऊ नका असं मी इतकं कळकळीने सांगतेय.

आता ती सुई. कमरेच्या हाडातला मगज रक्त बनवतो. त्यातल्या पेशी काढून तासा-दोन तासांत डोळ्यात सोडल्या म्हणून त्यांच्या दंडपेशी होत नाहीत. शिवाय त्या सोडतात डोळ्यातल्या चिकट द्रवात, म्हणजे पडद्याच्या पुढे. कोबे-लंडनमध्ये पेशी मागे, त्यांच्या जागी बसवल्या होत्या. "मग त्या व्हिडिओतले लोक खोटं बोलतात का?" असं तुम्ही विचाराल. मला तसं वाटत नाही. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी आरपीच्या वीस रुग्णांवर मगजाच्या पेशींची रीतसर चाचणी केली होती. तीन महिन्यांनी रुग्णांना खरंच बरं वाटत होतं. वर्षभराने सगळं पहिल्यासारखं झालं. व्हिडिओ कधी काढतात, ते बघा. आणखी एक, घेर मोजायची ती घुमटाची तपासणी तुम्ही केली असेल. हनुवटी टेकवून, हातात बटण धरून, ठिपका दिसला की दाबायचं. पहिल्या वेळी माणूस गोंधळतो, दुसऱ्या वेळी हात बसतो, आणि आजारात काडीचा फरक नसताना कागदावर घेर वाढल्यासारखा दिसतो.

"आपल्याच पेशी, मग अपाय कसला?" या वाक्याने मला सगळ्यात जास्त राग येतो. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये २०१५ साली तीन वयस्क बायकांनी मॅक्युलर डिजनरेशनसाठी प्रत्येकी पाच हजार डॉलर भरून एका क्लिनिकमध्ये इंजेक्शनं घेतली. त्यांच्याच पोटाच्या चरबीतल्या पेशी होत्या, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी सोडल्या. त्याआधी तिघींनाही चालण्या-फिरण्यापुरतं, काहींना चांगलंच दिसत होतं. वर्षभरात तिघीही जवळजवळ आंधळ्या झाल्या, एकीच्या नजरेत तर उजेडही उरला नाही. २०१७ साली डॉक्टरांच्या नामांकित नियतकालिकात हे छापून आलं. अशा पेशी डोळ्यात व्रणासारखे चिवट पापुद्रे धरतात, ते आकसतात आणि पडद्याला ओढून काढतात. पेशी आपल्या आहेत की परक्या, याने त्या ओढण्यात काही फरक पडत नाही.

माझ्याकडेही असाच एक तरुण आला होता, आरपीचाच, पडदा सुटलेल्या अवस्थेत. त्याने आणलेल्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये पावत्या होत्या, रंगीत माहितीपत्रक होतं, आहाराचा तक्ता होता. डोळ्यात नेमकं काय सोडलं, किती सोडलं, याचा एक कागद नव्हता. पडदा आम्ही बसवला. जी नळीएवढी नजर घेऊन तो तिथे गेला होता, ती मात्र परत देता आली नाही.

आपल्या देशात याचे नियम स्पष्ट आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांनुसार पडद्याच्या आजारासाठी मूळ पेशी द्यायच्या असतील तर त्या मंजूर चाचणीतच द्यायच्या. चाचणीची नोंद सरकारी सूचीत, सीटीआरआयमध्ये असते आणि ती कुणालाही बघता येते. तेव्हा त्या फोनवरच्या मुलीला एवढंच विचारा: सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय? आणि चाचणी असेल तर आमच्याकडून पैसे कसले घेता? खऱ्या चाचणीत रुग्ण पैसे भरत नाही, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च चाचणी करणाऱ्याने सोसायचा असतो. पहिल्यांदा फक्त एकाच, जास्त बिघडलेल्या डोळ्यात प्रयोग करतात. दोन्ही डोळ्यांचं पॅकेज विकणारा माणूस चाचणी करत नसतो.

"औषध नाही, वर्षाने दाखवा" हे वाक्य डॉक्टरांनी म्हटलं त्यात खोटं नव्हतं, पण ते अपुरं होतं. आम्ही डॉक्टर बाहेरच्या रांगेकडे बघत असं बोलून टाकतो आणि माणूस त्या व्हिडिओकडे ढकलला जातो. करण्यासारखं पुष्कळ आहे. ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो काढणारी तपासणी, झाली नसेल तर करून घ्या. आरपीच्या बऱ्याच रुग्णांत पडद्याच्या मध्यभागी सूज येते, आणि ती थेंबांनी किंवा गोळ्यांनी ओसरू शकते. मोतीबिंदूही लवकर येतो, त्याची शस्त्रक्रिया होते. या दोन गोष्टींनी उरलेल्या नजरेत किती फरक पडतो, हे मी कितीतरी जणांत पाहिलंय. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या मात्र कुणी सांगितल्या म्हणून घेऊ नका. काही प्रकारांत त्या उलट नुकसान करतात आणि यकृतालाही झेपत नाहीत.

यानंतर जनुकतपासणी. आरपीला कारण ठरणारी ८० पेक्षा जास्त जनुकं सापडली आहेत. त्यांपैकी आरपीई६५ या एकाच जनुकासाठी अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये जनुकोपचाराला मंजुरी मिळाली. तेव्हाची किंमत दोन डोळ्यांची साडेआठ लाख डॉलर, म्हणजे तुमच्या-माझ्या आवाक्याबाहेर. तरी तपासणी करा. आपलं जनुक कोणतं हे माहीत असलेल्यांनाच पुढच्या चाचण्यांत बोलावतात. साडेचार लाखांच्या मानाने या तपासणीचा खर्च फारच थोडा आहे. मोठ्या नेत्रसंस्थांमध्ये रक्त घेऊन ती होते आणि समुपदेशकही भेटतात.

मुलीचं उत्तरही त्याच कागदात आहे, ताई. नात्यातली लग्नं पाहता हा आजार दोन्हीकडून एकेक सदोष प्रत आल्यावर होणारा असावा, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर तुमच्या सासूबाईंकडे एक प्रत आहे. त्यांच्या भावाकडे, म्हणजे तुमच्या वडिलांकडे ती असण्याची शक्यता दोनात एक, तुमच्याकडे चारात एक. तुमच्याकडे नसेल तर मुलीला हा आजार व्हायचा नाही, ती फक्त वाहक असेल. असेल तर शक्यता दोनात एक. हा ढोबळ हिशेब झाला, नक्की काय ते तपासणीच सांगेल. नागपूर परिसरातल्या खेड्यांत प्रौढांची तपासणी झाली तेव्हा सुमारे ७५० मागे एकाला आरपी आढळला. जगात साधारण ४,००० मागे एकाला असतो असं मानतात. नात्यातल्या सोयरिकी आपल्याकडे किती, ते तुम्हाला माहीतच आहे. यात तुमचा दोष नाही आणि मिस्टरांचाही नाही. मुलीचे डोळे एकदा तपासून घ्या, कानही तपासा, कारण आरपीच्या एका प्रकारात ऐकूही कमी येतं. मुलीसमोर "तुला पण होणार" हे कुणालाही बोलू देऊ नका.

सर, मोटरसायकल आजपासून बंद. याला मी दुसरा पर्याय ठेवत नाही. पंधरा अंशांच्या नजरेत बाजूने धावत येणारं पोर दिसतच नाही, आणि तुम्ही तर शाळेच्या रस्त्याने जाता. सहकाऱ्याच्या मागे बसा, वडापने जा, एसटीने जा.

नोकरीची भीती अनाठायी आहे. अपंगत्व येतंय म्हणून सरकारी आस्थापनेला नोकरीतल्या माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २० वं कलम हेच सांगतं. तेच काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. जिल्हा परिषदेलाही हे लागू आहे. नजरेचा घेर ४० अंशांच्या आत आला की कायद्याने ती अल्पदृष्टी, १० च्या आत गेला की अंधत्व. तुम्ही १५ वर आहात. सिव्हिल हॉस्पिटलातून प्रमाणपत्र काढा, यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र करून घ्या, टक्केवारी मंडळ ठरवेल. मुख्याध्यापकांना तुम्ही स्वतः सांगितलंत तर वर्ग उजेडाच्या खोलीत मागता येईल, संध्याकाळच्या कामातून सूट मागता येईल. लपवून ठेवलंत आणि एक दिवस व्हरांड्याच्या पायरीवरून पडलात, तर ते कुणाला कसं समजावणार?

घरात पायऱ्यांच्या कडांना पांढरा ऑइलपेंट लावा. दारं पूर्ण उघडी ठेवा नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट दार कपाळावर बसतं. रात्रीसाठी रुंद झोताची चांगली बॅटरी घ्या. पांढऱ्या काठीचं शिक्षण अंधांसाठी काम करणाऱ्या नॅबसारख्या संस्थांत मिळतं. आज नको वाटेल, पण अंगवळणी पडायला वेळ लागतो, म्हणून मधली नजर आहे तोवरच शिका. फोनमधला टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, सुरू करून बघा. तुम्ही शिक्षक आहात, आठवड्यात सरावाल.

ताई, "माझे डोळे बरे व्हायला नकोत का तुला?" याला उत्तर देत बसू नका. त्यांच्यासोबत ओसीटीला जा. रिपोर्ट आला की मला पाठवा. मोबाईलवर काढलेला फोटो चालेल, फक्त रंगीत पान दिवसाच्या उजेडात, सपाट ठेवून काढा, म्हणजे मध्यभागची सूज आहे की नाही ते मला दिसेल.